चार चिठ्ठ्या आणि मागचं गटार

पाहुण्याला तुम्ही काम सांगता का? आणि सांगत असाल, तर कुठलं?

घाईनं उत्तर देऊ नका. पाणी भर, भाजी निवड, पोराला जरा घे, असली कामं आपण सगळेच सांगतो, आणि त्यात आपलेपणा आहे असंही समजतो. मी विचारतोय ते त्याच्या पुढचं. तुमच्या घरातलं सगळ्यांत घाण काम पाहुण्याच्या वाट्याला गेलं, तर तुम्ही ते त्याच्या हातातून काढून घ्याल का? मी घेतलं नाही. का घेतलं नाही याचं कारण माझ्याजवळ तयार होतं, आणि ते छापील होतं.

छापील म्हणतो ते शब्दशः. माझे वडील एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीतल्या माणसांची पत्रकं फुकट जुळवून द्यायचे. शाई फाकलेल्या, वाकड्या छापलेल्या प्रती ते घरी आणत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, आणि गणित सुटेना तेव्हा कागद उलटून पुढची बाजू वाचली. गोष्टींची पुस्तकं मला फार उशिरा मिळाली. ‘बंधूंनो, आणखी किती दिवस सोसणार?’ हे वाक्य मात्र बाराखडीबरोबरच पाठ झालं. त्यामुळे मला एक सवय लागली. काहीही घडलं की त्याचं पत्रकात काय होईल ते आधी सुचायचं, आणि समोर काय चाललंय ते मागाहून दिसायचं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको कोल्हापुरातल्या एका शाळेत शिकवायची. मी एका साप्ताहिकाची मुद्रितं तपासायचो आणि उरलेल्या वेळात लिहायचो. एकमेकांना अरे-तुरे करायचं असं आम्ही लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. ती ते पाळायची. फक्त राग आला की ‘अहो’ म्हणायची.

आम्हाला घर हवं होतं, आणि ते शोधून काढलं माझ्या मित्रानं. तो कबनूरचा. मूळ गाव नदीपलीकडचं, पण थोरल्या भावाला यंत्रमागावर काम मिळालं म्हणून सगळं घर कबनूरला आलेलं. सगळे बौद्ध झाले तेव्हा हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायच्या वयाचा होता. पुढं शिकला, आणि कोल्हापुरात एका कचेरीत कारकून म्हणून लागला. सकाळची पहिली एस.टी. धरायची आणि दिवे लागल्यावर परत. जागा मिळाली तर बसून, नाहीतर दांडीला धरून. चार महिने तो कोल्हापुरात खोली शोधत होता. ‘आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते,’ असं तो म्हणायचा आणि हसायचा.

कळंब्याच्या वाटेवर त्याला एक कुलूपबंद घर दिसलं. मालक शेजारीच राहत होते. यानं विचारलं, त्यांनी त्याचं आडनाव विचारलं आणि सांगितलं, घर पडायला आलंय, कुणालाच द्यायचं नाही. दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. दिवाळी झाल्यावर तो मला म्हणाला, ‘‘तू जा की. बघू तुला काय म्हणत्यात. तुला दिलं तर समजायचं, घर पडायला आलेलं न्हाय.’’

मी गेलो. तो कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी थांबला.

मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र टोपी, बोलायला गोड. खाटेवर सरकून त्यांनी मला जागा दिली.

‘‘या पावणं, बसा. कुठलं म्हणायचं?’’

मी गाव सांगितलं.

‘‘आन आडनाव?’’

तेही सांगितलं.

‘‘मग लांब कशाला! आमच्यातलंच की तुमी,’’ असं म्हणून ते आत वळून ओरडले, ‘‘अगं, च्या टाक.’’ मी हसलो. तेही हसले. चहा झाला आणि किल्ली माझ्या हातात आली. घराची डागडुजी आम्हीच करून घ्यायची, एवढीच अट.

पानपट्टीशी येऊन मी किल्ली दाखवली. मित्रानं विचारलं, ‘‘किती येळ लागला?’’

‘‘चहा होईपर्यंत.’’

‘‘साखर होती न्हवं?’’ तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. आपण मालकाला फसवलं, असं मला त्या वेळी वाटत होतं. बेत आधीच ठरला होता. घर माझ्या नावावर घ्यायचं आणि मागची खोली त्याला द्यायची. बायकोचं म्हणणं होतं, ‘‘आधी मालकांना सांग. कोण राहणार आहे ते सांग आणि मगच सामान ने.’’ मी म्हणालो, ‘‘आधी बस्तान बसवू. मग त्याला समोर उभं करू. काय करतील?’’ याला मी डावपेच म्हणत होतो. हाही शब्द पत्रकातलाच.

घर खरंच पडायला आलं होतं, हे सांगायला हवं. कच्च्या विटांच्या भिंती, वर कौलं, आणि निम्मी कौलं फुटलेली. घुशींनी जमीन उकरून खोलीखोलीत मातीचे ढीग घातलेले. एका तुळईला वाळवी अशी लागलेली की बोट टेकवलं की आत जायचं. विजेची तार तोडलेली. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कुणाच्या तरी बाळाचं एकच टोपडं राहिलेलं. मागं न्हाणीघर, त्याला लागून संडास, आणि त्या दोन्हींचं पाणी घेऊन जाणारं उघडं गटार. हे गटार आमच्या परसातून मालकांच्या परसाकडं जायचं. दोन-तीन वर्षांचा पाला, विटांचे तुकडे, उंदीर आणि काय काय साचून ते काठोकाठ भरलं होतं. वास रस्त्यापर्यंत यायचा.

एका शनिवारी आम्ही राहायला गेलो आणि त्याच संध्याकाळी दोघं पाहुणे आले. कबनूरचा मित्र राहायलाच आला होता, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन. दुसरा मित्र इचलकरंजीचा. तो मागावर काम करायचा, आणि आपली पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घालून आम्हाला मदत करायला आला होता. आम्ही तिघं एकमेकांना भेटलो ते मागवाल्यांच्या एका सभेत. मी आणलेली पत्रकं वाटायला हे दोघंच पुढं आले होते. मुसलमान घरातला हा आमचा मागवाला दोस्त बोलायला लागला की ऐकत राहावं असा. दारातच उभं राहून त्यानं घर बघितलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, ‘‘वैनी, हे तुमचं घर न्हाय. ही वाळवीची सोसायटी हाय. तुमी भाडेकरू.’’

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी उजेड असेतोवर माती उपसली. घुशींची बिळं काचा आणि दगड घालून बुजवली. कंदिलाच्या काचेवर राख चोळता चोळता दोन्ही पाहुणे एकमेकांच्या गावावरून भांडत होते. इचलकरंजीवाला म्हणे, कबनूर म्हणजे आमच्या गावाचं परसू. कबनूरवाला म्हणे, मग परसाकडंला तुमी आमच्याकडंच येता म्हणा की. बायको हसून हसून खाली बसली. भिंतीला पाठ लावून बसलो तर पाठीला माती लागत होती, पण आपलं घर झालं असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

सकाळी चहा झाल्यावर मी कामाची वाटणी काढली. आपल्या घरात पाहुणा आणि यजमान असा भेद नाही, बाईचं काम आणि पुरुषाचं काम असाही नाही, सगळ्यांनी सगळं करायचं आणि कुणी काय करायचं ते चिठ्ठी ठरवेल, असं मी जाहीर केलं. एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर चार कामं लिहिली आणि त्याचे चार तुकडे केले. कौलं. पाणी भरणं आणि सारवण. स्वयंपाक. संडास आणि मागचं गटार. मागवाल्याची टोपी उलटी करून त्यात घड्या टाकल्या.

मागवाल्याला स्वयंपाक निघाला. तो म्हणाला, ‘‘मेलासा आता सगळी.’’ बायकोला पाणी आणि सारवण. मला कौलं. चौथी चिठ्ठी उघडायची गरजच नव्हती, तरी मित्रानं ती उघडली. वाचली. मग सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाला, ‘‘बघा. टोपीला बी माझं आडनाव कळालं.’’

कुणी हसलं नाही. मागवाला लगेच म्हणाला, ‘‘माझ्याशी बदल, मर्दा. मला घाणीचं काय न्हाय, पीठ बघून भ्या वाटतंय.’’

मी म्हणालो, ‘‘बदलायचं नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.’’

बायको म्हणाली, ‘‘मग तू बदल. कौलं त्याला दे आणि ते तू घे.’’

‘‘का म्हणून? तो कोण आहे हे बघून मी काम बदललं, तर मी त्याला आपल्यातला धरलाच नाही. ती दया झाली. मी त्याच्यावर दया करणार नाही.’’

अगदी हेच शब्द. मला ते अजून पाठ आहेत, कारण बोलताना मला ते फार आवडले होते. मी मित्राकडं बघितलं. तो चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवत होता. ‘‘बरोबर हाय त्याचं,’’ तो म्हणाला, ‘‘फावडं कुठं हाय?’’

मी शिडी लावून वर चढलो. वरून कळंब्याच्या बाजूची उसाची रानं दिसत होती, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर वर चढत होता आणि गुळाचा वास गटाराच्या वासात मिसळून येत होता. फुटकी कौलं काढायची, चांगली पुढं सरकवायची. खाली परसात मित्र गुडघ्याच्या वर पँट दुमडून गटारात उतरला होता. तो चिखल उपसून काठावर टाकत होता. मला त्याची पाठ दिसायची आणि फावड्याचा आवाज यायचा. तासभर असं चाललं असेल.

मग मालकीणबाई त्यांच्या परसातून गटाराच्या कडेनं आल्या. मित्राच्या पाठीपासून दोन हातांवर उभ्या राहिल्या. त्याच्याकडं त्यांनी बघितलं, म्हणजे गटार कुठवर साफ झालंय ते बघितलं. मग मान वर करून मला म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई, माणूस लावलासा. आमच्याकडं बी तुंबलंय बघा परवाधरनं. हितलं झालं की त्याला तिकडं यायला सांगा.’’

माझ्या हातात कौल होतं. काय बोलायचं ते मला माहीत होतं. काकी, हा लावलेला माणूस नाही, हा माझा मित्र आहे, आणि मागच्या खोलीत हाच राहणार आहे. एवढंच. यापेक्षा अवघड वाक्यं मी भर सभेत बोललो आहे. पण मला किल्ली आठवली, बस्तान आठवलं, डावपेच आठवला. आज नको, असं वाटलं. आधी कौलं बसू देत.

मी म्हणालो, ‘‘सांगतो.’’

फावड्याचा आवाज थांबला. मित्र ताठ उभा राहिला, मनगटानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, ‘‘येतो की, काकी. सांगायला कशाला पायजे? पण एकटा न्हाय येत. वर बसलाय त्यो बी येतोय संगट. आमचं काम चिठ्ठीवर हाय. आज माझी, उद्या त्याची.’’

बाईंचा जीव वरखाली झाला. ‘‘अगं बाई! पावण्यांनी कशाला? तुमी न्हाय हं,’’ त्या मला म्हणाल्या.

‘‘मग मी कशाला?’’ मित्रानं विचारलं. किती वाजले विचारावं, तसं.

तेव्हा कुठं त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. आणि ओळखलं. ‘‘तू त्यो न्हवं? दिवाळीआधी घर बघायला आलतास?’’

‘‘व्हय काकी. पडायला आलं हुतं तवा.’’

त्या वळून तरातरा घराकडं गेल्या. मी अजून वरच होतो. दारात बायको घागर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘उतरा आता खाली.’’

मी उतरलो आणि त्याच्या हातातलं फावडं घ्यायला गेलो. त्यानं दिलं नाही. ‘‘ऱ्हाऊ दे. चार हात उरलंय.’’ उरलेले चार हात त्यानं उपसले. मी घमेलं धरून शेजारी उभा राहिलो.

मालक आले तेव्हा तो न्हाणीघरात अंग धूत होता. मालक रागावले नव्हते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, ‘‘पावणं, मी काय भांडाय आलो न्हाय. तुमचा मित्र हाय, ऱ्हाऊ दे चार दिस. जेवू दे, झोपू दे. आमची ना न्हाय. पण ट्रंक आलीया म्हणं. ऱ्हायला म्हणून चालायचं न्हाय. गल्लीत मला तोंड दाखवायचं हाय.’’

मी बोलायला लागलो. चांगलं बोललो. कायदा काढला, माणुसकी काढली, शाहूंच्या या गावात तुम्ही असं बोलता याची लाज काढली. चांगलं बोलतोय असं मला बोलतानाही वाटत होतं. मागवाला पिठाचे हात तसेच धरून ऐकत होता. मालकांनी मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर ते म्हणाले, ‘‘समदं खरं हाय. पर हे किल्ली घेताना बोलायचं हुतं. तवा मी इचारलं, तुमी सांगितलं, आन दोघंबी हासलो की.’’

मग जाता जाता, ‘‘घर सोडा म्हणत न्हाय मी. बघा तुमचं तुमी.’’

मालक चुकीचे होते, हे मी आजही म्हणतो आणि छापायलाही तयार आहे. पण त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

जेवायला बसलो. मागवाल्याच्या भाकऱ्या एका बाजूनं करपलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं कच्च्या होत्या. एरवी त्यावर तासभर चेष्टा चालली असती. मी म्हणालो, ‘‘आपण हे घर सोडू. आजच. किल्ली तोंडावर फेकू.’’

मित्र पिठल्यात भाकरी कुस्करत होता. ‘‘सोड की,’’ तो म्हणाला. ‘‘मग काय हुईल? तू रविवारी दुसरं घर बघायला जाशील. च्या प्याला की मिळंल. मी हाय तितंच. उलट वैनीला पुन्यांदा सारवाय लागंल.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘मला काय इचारतोस? पत्रकं तू लिवतोस.’’

मग तो सांगायला लागला. आवाज चढवून नाही, माझ्याकडं बघूनही नाही.

‘‘माझा बाप गावात मेलेली ढोरं ओढायचा. गटाराचं काम आमच्याकडं कवाच न्हवतं, ते दुसऱ्या जातीकडं. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी आज्जीसमोर उभा ऱ्हायला आन म्हणाला, आजपासनं आपल्या घरातलं कुणी दुसऱ्याची घाण उचलणार न्हाय. दुसऱ्या दिवशी एकाची म्हस मेली. बोलवायला आली. बाप गेला न्हाय. म्हस दोन दिस तितंच पडून हुती, आन आमच्या दारात रोज कोण ना कोण येऊन शिव्या द्यायचं. घरात खायला न्हवतं, पण बाप गेला न्हाय. आईनं एकदा म्हटलं, जावा की एकदा. तर तिच्याशी म्हैनाभर बोलला न्हाय.’’ तो पाणी प्याला. ‘‘त्यानं टाकलं ते टाकलंच. आन तू मला आज नवीन दिलंस.’’

बायकोनं विचारलं, ‘‘मग भाऊजी, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? सकाळीच?’’

‘‘वैनी, न्हाय म्हणायला कारण सांगाय लागतंय. ते तुमा तिघांना बी म्हाईत हाय. मग मीच का सांगू?’’

मी त्याला आपल्यातला धरलं होतं, म्हणजे मी काय केलं होतं? चिठ्ठी टोपीत पडायच्या आधी आम्ही चौघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे होतो, हे मी मोजायचंच नाही असं ठरवलं होतं. मला कौलं निघाली असती काय आणि गटार निघालं असतं काय, मालकीणबाई मला ‘पावणं’च म्हणाल्या असत्या. मी गटारात उतरलो असतो तर ती त्यांच्या डोळ्यांत माझी हौस ठरली असती. त्याच्या बाबतीत ते त्याचं काम ठरलं. बायकोनं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी तिला तत्त्व ऐकवलं होतं.

शेवटी मागवाल्यानं तोंड उघडलं. ‘‘माझी खाला, म्हंजे मावशी, हाय हितं शहरात. गाद्या भरायचं काम हाय त्यांचं. वर माळा रिकामा हाय. कापूस पडलेला असतोय, पण दोन माणसं झोपतील. मला पयल्यांदाच सुचलं हुतं.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’ मी जवळजवळ ओरडलोच.

‘‘तुझा डावपेच लई मोठा हुता, भावा. मी म्हटलं, त्यात आपला माळा कशाला घालावा.’’

चार वाजता ते दोघं निघाले. ट्रंक मागवाल्यानं खांद्यावर घेतली. वळकटी मी घेतली, आणि मित्रानं ती घेऊ दिली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो थांबला. ‘‘राग न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘खरंच न्हाय. फकस्त आता तुझं पत्रक वाचताना मला ते ‘सांगतो’ ऐकू येणार.’’

खालानं त्याला एवढंच विचारलं म्हणे, की घरी किती वाजता येणार, कारण कडी लावायची असते. आडनाव त्यांना पुढं केव्हातरी पोस्टमन आला तेव्हा कळलं. त्या माळ्यावर तो दोन वर्षं राहिला. केसांत कापूस घेऊन कचेरीत जायचा. त्याचं लग्न ठरलं ते तिथंच, आणि मुलीकडच्यांना चहा दिला तो खालानं.

आणि आम्ही? आम्ही घर सोडलं नाही. हे लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आम्ही त्या घरात तीन वर्षं राहिलो. कौलं बसली, वीज आली, तुळईला टेकू दिला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि त्यानंतर बरेच दिवस मला ‘अहो’ म्हणत राहिली. मागचं गटार दर महिन्याला मी उपसत होतो. मालकीणबाई लांबून म्हणायच्या, ‘‘कशाला पावणं, माणूस लावा की.’’ मी उपसत राहायचो, आणि त्यानं काही फिटत नाही हे मला कळत होतं. मित्र यायचा. जेवायचा, वाद घालायचा, माझ्या लिखाणातले मोठे शब्द पेन्सिलीनं खोडायचा. पण उशीर झाला तरी मुक्काम करायचा नाही. मागच्या खोलीत आम्ही पुस्तकं ठेवली.

बरेच दिवस मला वाटायचं, माझी चूक त्या चिठ्ठीत झाली. मग वाटायला लागलं, नाही, वर बसून ‘सांगतो’ म्हणालो तिथं झाली. आता वाटतं, ती त्याच्याही आधीची आहे. मालकांनी आडनाव विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा माझ्यामागं कोपऱ्यावर एक माणूस उभा आहे हे मला माहीत होतं. त्या क्षणी मी एक साधा प्रश्न विचारू शकत होतो. मी हसलो. त्या हसण्यावर मला घर मिळालं, आणि पुढचं जे काही झालं ते त्या हसण्याच्या हिशेबानंच झालं.

म्हणून माझं एक मागणं आहे. पत्रक वाचतो तसं वाचून खिशात घालू नका. यंदा तुम्ही कुठंतरी खोली बघायला जाल. तुम्ही नाही तर तुमचा भाऊ जाईल, मुलगी जाईल. मालक गोड बोलून आडनाव विचारतील. ते सांगायच्या आधी, चहाचा कप हातात घ्यायच्या आधी, त्यांना विचारा: ‘माझ्याआधी ही खोली बघायला कोण आलं होतं, आणि त्याला तुम्ही काय सांगितलंत?’ मोठ्यानं विचारा. उत्तर येईपर्यंत उभे राहा. खोली मिळणार नाही कदाचित. तरी विचारा.